चरबी घटवत असतानाच स्नायू वाढवता येतात का? वजन 80 किलो, शाकाहारी, जिम नुकतंच सुरू केलंय.

हो, येतात, आणि नवशिक्यांना तर सगळ्यात सहज. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 40 तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्याचे सहा दिवस कसून व्यायाम करवला. शरीराच्या दर किलोमागे रोज 2.4 ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्यांची चरबी सरासरी 4.8 किलो उतरली, तरी चरबी सोडून उरलेलं वजन 1.2 किलो वाढलं; दर किलोमागे 1.2 ग्रॅम खाणाऱ्या दुसऱ्या गटाचं ते जवळपास होतं तेवढंच राहिलं. इतकी उपासमार तुम्ही करू नका. रोज 300-500 कॅलरी कमी, 1.6 ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे 130 ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं, भार हळूहळू वाढवत, एवढं पुरे. शाकाहारी ताटात खरी अडचण प्रथिनांचीच: वाटीभर वरणात जेमतेम 5-6 ग्रॅम मिळतात. 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये 26, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास. जोडीला दही, कडधान्यं, कमी पडलं तर व्हे (दुधापासून बनवलेली प्रथिनांची पावडर). मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.