पोथोस: ग्रीक तळमळ की आपलीच पोथी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका बाईंनी विचारलंय: "खिडकीत बाटलीत हिरव्या, बदामाच्या आकाराच्या पानांचा वेल लावलाय. सासूबाई त्याला मनीप्लांट म्हणतात, मुलगी पोथोस म्हणते आणि नर्सरीवाले भाई म्हणतात फिलोडेंड्रॉन. बरोबर कोण? आणि मराठीत काय म्हणायचं?"

मनीप्लांट आधी निकालात काढू. कुठे जाड पानांच्या जेडला मनीप्लांट म्हणतात, कुठे गोल पानांच्या पिलियाला, कुठे चपट्या रुपेरी शेंगांच्या लुनारियाला. आपला वेल धरून ही चार वेगवेगळ्या कुळांतली झाडं झाली. हे नाव नव्हे, नवस आहे. त्याचं 'धनवेल' करणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. आणि मूळ शब्द 'मणी' होता असं छातीठोक सांगणारे एक गृहस्थ मला दर चार महिन्यांनी भेटतात. त्यांनी त्या वेलाला एक तरी मणी लागलेला दाखवावा. घरातल्या या वेलाला तर फूलसुद्धा येत नाही.

आता पोथोस. 'ग्रीकमध्ये पोथोस म्हणजे तळमळ, वेल आधारासाठी तळमळतो म्हणून हे नाव' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता तळमळ मलाच होते. ग्रीकमध्ये तसा शब्द आहे, कबूल. पण झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ज्या वेलाला पोथोस म्हटलं तो श्रीलंकेकडचा, आणि नावही तिकडचंच, सिंहली. पाउल हर्मान नावाच्या डॉक्टरने १६७० च्या दशकात तिथे झाडपाला गोळा करून वाळवला होता. त्याच संग्रहावरून लिनियसने १७४७ मध्ये सिलोनच्या वनस्पतींचं पुस्तक केलं. सिंहलीत त्या वेलाला आजही 'पोत वॅल' म्हणतात.

वॅल! सिंहली ही दक्षिणेकडे जाऊन राहिलेली आपल्याच घराण्यातली भाषा. संस्कृत वल्ली, मराठी वेल, आपल्या शेजारच्या गुजराती काकींचा वेलो आणि तिकडे वॅल. ज्या बडोद्यात १९३१ साली अनेक भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला, तिथल्या माणसाने तरी अथेन्सला जाण्याआधी कोलंबोत डोकवायला हवं होतं.

उरला 'पोत'. सिंहलीत पोत म्हणजे पुस्तक, म्हणजेच आपली पोथी. वेलाच्या नावातला पोत हाच, असं माझं मत. मत आहे, पुरावा नाही. पण तो मूळचा पोथोस एकदा खोडावर चढलेला बघा. पानं दोन्ही अंगांना एकाआड एक, सपाट, सालीला चिकटलेली. देठही पानासारखाच रुंद, नारिंगाच्या पानाला असतो तसा, त्यामुळे प्रत्येक पान मध्ये जोडल्यासारखं दिसतं. मला तर ती उलगडून ठेवलेली पोथीच दिसते. एका प्राध्यापकांनी कळवलं की सिंहलीत 'पोत्त' म्हणजे साल, नाव त्यावरून आलं असेल. असेल. पण त्यांनी पत्राच्या शेवटी पुन्हा ग्रीक तळमळ आणली, तिथे माझा त्यांच्यावरचा विश्वास संपला. (मराठी पोत, म्हणजे मण्यांची माळ, मी मुद्दाम बाजूला ठेवलीय. नाहीतर ते मणीवाले गृहस्थ उद्या सकाळीच दारात उभे राहतील.)

गंमत म्हणजे घरातला वेल आता शास्त्राने पोथोस राहिलेलाच नाही. तो ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटाचा. १८८० मध्ये त्याला पोथोस म्हटलं, मग सिंडॅप्सस नावाच्या गटात टाकलं, मग राफिडोफोरामध्ये, आणि १९६० च्या दशकात तो एपिप्रेम्नम झाला. बाजाराने पहिलंच नाव धरून ठेवलं. मोठ्या झाडावर चढला की याचीच पानं सुपाएवढी होऊन फाटतात. मग कमाटीबागेत सकाळी फिरायला येणारे त्याला मॉन्स्टेरा हा दुसराच वेल समजतात. त्यावर आज बोलत नाही.

हो, तुमचा प्रश्न. पानावरून बोट फिरवा. जाडसर, किंचित उंचसखल लागलं आणि देठाला वरून पन्हळ असली तर मुलगी बरोबर. पान पातळ, गुळगुळीत, देठ गोल आणि कोवळं पान पापुद्र्यातून बाहेर येऊन तो पापुद्रा नंतर वाळून गळत असेल, तर भाई बरोबर. फिलोडेंड्रॉन अमेरिकेच्या उष्ण भागातला, आणि ते नाव मात्र खरंच ग्रीक आहे: झाडावर प्रेम करणारा. मराठीत मी दोघांनाही नुसतं 'वेल' म्हणतो आणि कुंडीकडे बोट दाखवतो.

फोटोत बाटलीच जास्त दिसतेय, देठ दिसत नाही. पण सासूबाईंनी तो शेजारून न विचारता तोडून आणला, कारण चोरलेलाच लाभतो, असंही तुम्ही लिहिलंय. मग शेजारी काय नाव सांगतात ते विचारणं अवघडच आहे.