डॉक्टर ‘घरी नेऊन काळजी घ्या’ म्हणतात, ती काळजी उपचारांत मोडते का?

मोडते. ‘आता करण्यासारखं काही नाही’ हे वाक्यच मला चुकीचं वाटतं. आजार बरा होणार नसेल, पण दुखणं थांबवता येतं, आणि ते थांबवणं हे औषधोपचाराचंच काम आहे.

आमच्या अण्णांना जिभेचा कॅन्सर होता. मिरजेच्या एका दवाखान्यातून नाकात नळी घालून त्यांना विश्रामबागला घरी आणलं. नळीतून पेज कशी सोडायची ते सिस्टरनी दाखवलं होतं. दुखण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. अण्णा रात्र रात्र उशीचा कोपरा मुठीत आवळून बसायचे. बोलता येत नव्हतं म्हणून पाटीवर लिहायचे. एका रात्री नुसतं ‘पुरे’ लिहिलं.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या गोळ्या दिल्या. दर ४ तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं शौचाला खडा धरतो. लंडनला १९६७ मध्ये हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं रुग्णालय उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्सबाईंनी हीच पद्धत धरली होती. त्या आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या, म्हणूनच त्यांना हे दिसलं असं मला वाटतं. आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणंच अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनं ते जरा सोपं झालं.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘चहाचा वास येतोय.’

दिवसा एक मावशी यायच्या. बोटाला गॉज गुंडाळून सोड्याच्या पाण्यानं तोंड पुसायच्या. हात लावायच्या आधी सांगायच्या, “अण्णा, आता डावा गाल बघते हं.” आम्ही पुसायला गेलो की ते तोंड मिटायचे, मावशींसाठी उघडायचे. मी त्यांच्याकडून शिकले ते एवढंच, आधी सांगायचं.

पुण्याहून थोरला दादा आला आणि म्हणाला, “बापाला अफू चारतेस? सवय लागेल.” मी झोपले असताना त्यानं दोन डोस चुकवले. पहाटे अण्णा पुन्हा उशी धरून बसलेले. कॅन्सरच्या दुखण्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. ज्याचे थोडेच दिवस उरलेत त्याच्या सवयीची चिंता करणं मला आजही समजत नाही.

तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, दुखलं तर काय द्यायचं आणि रात्री फोन कुणाला करायचा. डोस मनानं वाढवू नका. सावकाश विरघळणारी गोळी कुटून नळीतून देऊ नका, ती एकदम अंगात उतरते. झोप फार येऊ लागली, श्वास मंदावला तर लगेच कळवा.

दादा हे वाचेल. त्याला सांगते, ते दोन डोस सोडले तर अण्णा शेवटचे ४१ दिवस रात्री झोपले.