चित्र काढता येत नाही, तरी पोरगी ऑनलाइन दुकानाची पानं डिझाइन करू शकेल का?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं तुमचं. बेळगावच्या वडगावात चार लूम आहेत, मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं मामाच्या साडीच्या दुकानासाठी ऑनलाइन स्टोअरची दोन-तीन पानं स्वतःच करून दाखवली आणि आता म्हणतेय हेच काम करायचं, बँकेच्या परीक्षा नकोत. तुम्ही विचारताय की तिला धड चित्र काढता येत नाही मग ही डिझायनर कशी होणार, आणि पुण्याच्या महागड्या कोर्सला कर्ज काढून पाठवायचं का.

आधी चित्राचं बोलू, कारण तिथंच सगळ्यांचा घोळ होतो. हे काम चित्रकलेचं नाहीच ओ, हे मांडणीचं काम आहे. गिऱ्हाईकाला आधी काय दिसलं पाहिजे, त्यानंतर काय, आणि मन झालं की पैसे भरायचं बटण बोटाखाली कुठं आलं पाहिजे, एवढं ठरवायचं. मामाच्या दुकानात बाई आली की आधी काठ बघते, मग पदर उलगडायला लावते, मग विचारते ब्लाऊजपीस आतलाच काय, रंग जातोय काय, मग भाव, आणि भाव ठरला की शेवटी "घरी नाही पसंत पडली तर बदलून द्याल न्हवं?" हा जो क्रम आहे ना तोच साडीच्या पानाचा लेआउट, आणि तो तुमच्या मुलीनं गादीवर बसून लहानपणापासून ऐकलाय, कोर्सवाले हे शिकवू शकत नाहीत.

तिला आज संध्याकाळीच एक करायला सांगा. वहीच्या कोऱ्या पानावर मोबाईल ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची, अशा पाच-सहा चौकटी काढायच्या. पहिल्या चौकटीत म्हणजे बोटानं वर न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात काय बसवायचं ते लिहायचं. बहुतेक जण घडी घातलेल्या साडीचा एक मोठा फोटो टाकतात आणि वर भलंमोठं बॅनर, मग किंमत दिसायला दोनदा सरकवावं लागतं, तोवर बाई निघून जाते. पदर उघडलेला फोटो, किंमत, ब्लाऊजपीससह लांबी किती मीटर आणि खाली बटण, एवढं पहिल्या चौकटीत बसतंय का ते तिनं खोडून खोडून बघावं. याला वायरफ्रेम म्हणतात. कागदावर जमलं की मग फिग्मा, म्हणजे पानं आखायचं सॉफ्टवेअर, ते फुकट वापरता येतं. फोनची स्क्रीन साधारण ३६० पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) रुंद धरून सुरुवात करायची, कॉम्प्युटरचं पान नंतर. आणि करड्या रंगाची बारीक अक्षरं नकोत, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असा फरक असावा असं वेबचं प्रमाण आहे, उन्हात रस्त्यावर उभं राहून फोन बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता आपल्याकडची खरी गोष्ट. बेळगावात एकाच दुकानाचं पान मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लागतं. इंग्रजीत जे बटण एका छोट्या शब्दात बसतं ते मराठीत "पिशवीत टाका" होऊन दुप्पट लांब होतं, वेलांटी वरच्या ओळीला लागते, कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली उतरतात, मग दोन ओळींतलं अंतर वाढवावं लागतं. तिन्ही लिप्या वाचणारी मुलगी हे डोळ्यांनी पकडते, बाहेरच्या डिझायनरला बऱ्याचदा पत्ताच नसतो. ही तिची मोठी जमेची बाजू आहे, फार कमी लोकांकडे असते.

एक गोष्ट मात्र तिला कळकळीनं सांगा. उद्या एखादा मालक म्हणेल "फक्त २ शिल्लक" असं खोटंच लिही, नाहीतर गिऱ्हाईकाच्या कार्टमध्ये न विचारता एखादी वस्तू घाल, तर नाही म्हणायचं. गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या अशा मांडणीला डार्क पॅटर्न म्हणतात, सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असले १३ प्रकार दिलेत आणि त्यांना मनाई आहे. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे परतावा, बदली, डिलिव्हरी आणि तक्रार कुणाकडे करायची ही माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, म्हणजे पान आखतानाच तिची जागा ठेवायची, शेवटी कोपऱ्यात कोंबायची नाही.

कर्जाचं विचाराल तर माझं स्पष्ट मत, आत्ता नको. बीकॉम पूर्ण करू दे, हिशोब आणि जीएसटी कळणारी डिझायनर दुकानदाराला हवीच असते. पदवीनंतरही ओढ राहिली तर सीड ही परीक्षा आहे, आयआयटी मुंबई घेते, त्यातून एमडेसला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येतं आणि बीकॉमवालेही बसू शकतात. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं एमडेस बंगळूरलाही आहे, पण तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. तोवर वर्षभरात तिनं तीन खरी कामं करावीत: मामाचं दुकान, एखाद्या कुंद्याची मिठाई विकणाऱ्याचं, आणि ओळखीतल्या कुणाचं तरी. तयार थीम, म्हणजे पानांचे आयते साचे, आता सगळीकडे मिळतात, त्यामुळे नुसते रंग बदलून देणाऱ्याला काम कमीच मिळणार, पण हे पान असंच का आखलं ते सांगता येणाऱ्या माणसाला दुकानदार शोधत येतो.

पहिली चौकट फोनवर उतरली की गल्लीतल्या पाच बायकांच्या हातात फोन द्यायला सांगा, "ही साडी घ्या बघू" एवढंच म्हणायचं, मदत करायची नाही, कोण कुठं अडकतं ते वहीत लिहायचं. ती वही घेऊन दोघंही या माझ्याकडे, पुढचं समोर बसून ठरवू.