झाकण घातलेला काजवा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : ऊतीचा तुकडा काढून विकर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) मोजता येते, मग त्याचे काम पाहण्यासाठी जिवंत उंदरात उजेड पाडण्याचा खटाटोप कशाला? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : विकर असणे आणि ते काम करीत असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मागावर ताणा चढला म्हणून चादर विणली जात आहे, असे आपल्याकडे कोणी म्हणणार नाही. तसेच अनेक विकरे ऊतीत निष्क्रिय रूपात पडून असतात. म्हणून काजव्याला उजेड देणाऱ्या ल्युसिफेरिनसारख्या रेणूला चार अमिनो आम्लांची साखळी झाकणासारखी जोडतात. पेशी आत्मनाश करू लागली की कॅस्पेस-३ हे विकर ती साखळी तोडते, मोकळा झालेला रेणू ल्युसिफेरेज या काजव्याच्या विकराच्या हाती लागतो आणि ऑक्सिजन व एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) यांच्या साहाय्याने प्रकाश निघतो. उंदराच्या पेशींत ल्युसिफेरेज मुळात नसते. त्याचे जनुक आधी घालावे लागते. शिवाय तोच उंदीर पुन्हापुन्हा तपासता येत असल्याने कमी प्राण्यांत काम भागते.

प्रश्न : हा प्रकाश कातडीतून बाहेर कसा येतो? (शिक्षक, जुळे सोलापूर)

उत्तर : वीज गेल्यावर बॅटरी तळहाताखाली धरून पाहा, बोटांच्या कडांतून फक्त लाल उजेड झिरपतो, कारण सुमारे ६०० नॅनोमीटरखालचा बराचसा प्रकाश हिमोग्लोबिन गिळते. काजव्याचा प्रकाश ३७ अंशांना तांबडा होतो, तरी खोलवरचा उजेड विखुरतोच.

प्रश्न : आमच्या प्रयोगात उंदरातली कर्करोगाची गाठ उजळली. विकर सक्रिय असल्याचे सिद्ध झाले ना? (संशोधक विद्यार्थी)

उत्तर : नाही, आणि ही घाई मला फार ठिकाणी दिसते. उजेड गाठीत ल्युसिफेरेज किती आहे यावरही ठरतो, म्हणून झाकण नसलेले ल्युसिफेरिन देऊन त्याच गाठीचा उजेड मोजा, आणि विकराचा रोधक (त्याचे काम थांबवणारे द्रव्य) दिल्यावर झाकलेल्या रेणूचा उजेड कमी होतो का, हेही पाहा. गाठ अंधारीच राहिली, तरी विकर नाही असे लिहू नका. रक्तपुरवठा तुटलेल्या गाभ्यात रेणू पोहोचतच नाही, आणि तिथे ऑक्सिजनही तुटपुंजा असतो.

प्रश्न : हे माणसांत वापरता येईल का? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : ल्युसिफेरेजचे जनुक रुग्णात घालणे व्यवहार्य नाही. मात्र बाहेरून प्रकाश टाकल्यावर चमकणारा, विकराने तुटणारा पेग्युलिसियानिन हा रेणू २०२४ मध्ये अमेरिकेत स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झाला. त्याने तीव्र ॲलर्जी होऊ शकते, असा ठळक इशाराही त्यासोबत आहे.