जेम्स आणि जेकब ही एकच नावं आहेत का? मुलासाठी कोणतं ठेवावं?

एकच आहेत. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बोलायलाच हवं, कारण त्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही नगरकडचे. भाच्याला आमच्या वडिलांचं नाव द्यायचं, याकोब, असं ताईच्या मनात होतं. बाप्तिस्मा तोंडावर आला आणि दाजी अडून बसले. म्हणे लोक याकूब समजतील, शिवाय जुनाट वाटतं. जेम्स ठेवू, ते वेगळंच नाव आहे. मी मराठी बायबलातलं ‘याकोबाचे पत्र’ काढलं आणि शेजारी इंग्रजीतलं तेच पत्र ठेवलं, जेम्सच्या नावाचं. जुन्या करारात जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून जन्मला तो याकोब, आणि येशूचा प्रेषितही याकोबच. आपल्या मराठीत फरक नाही. इंग्रजीत पहिला जेकब, दुसरा जेम्स. दाजी म्हणाले, “इंग्रजांनी काही विचार करूनच केलं असेल ना!”

विचार कसला डोंबलाचा! हिब्रू याकोव ग्रीकमध्ये याकोबोस झाला, लॅटिनमध्ये याकोबुस. लोकांच्या तोंडी त्यातल्या ‘ब’चा ‘म’ झाला, त्यातून इटलीत जाकोमो आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात जेम्स. आयर्लंडमध्ये शेमस. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत हाक मारताना नावाचं रूप बदलतं, ते हाकेतलं रूपच हेमिश म्हणून रूढ झालं. स्पेनमध्ये ‘संत यागो’ जोडून सांतियागो, आणि तेच भलत्या जागी तोडून पोर्तुगीजांचा तियागो. (दाजींच्या गाडीचं नाव टियागो. असो.) खुद्द इंग्लंडात 1688 नंतर पदच्युत राजा दुसऱ्या जेम्सचे समर्थक जॅकोबाइट म्हणवले जायचे, कारण लॅटिनमध्ये जेम्स म्हणजे याकोबुसच. आणि याकूब समजतील म्हणे! समजू देत की. अरबीतला याकूबही हाच.

शेवटी पाळकांनी जेम्स म्हणून पाणी शिंपडलं. वडील काही बोलले नाहीत, पण जेवायला थांबले नाहीत.

डिएगोलाही काही जण याच माळेत ओवतात, पण त्याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मूल परदेशात वाढणार असेल तर जेम्स सोयीचं, तेवढं मान्य. पण घरात आजोबा याकोब असतील तर सरळ याकोब ठेवा, आणि जेम्सच ठेवायचं असेल तर आजोबांना नीट सांगा की हे तुमचंच नाव आहे. आमच्या दाजींनी तेवढंही केलं नाही. ताई, वाचत असशील तर त्यांना दाखव.