केशरी नर, करडी मादी, पिल्लं मात्र साधी

प्रश्न : कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाचा अमेल नर (केशरी अंग, लाल डोळे) आणि ॲनेरी मादी (काळी-करडी) यांची जोडी लावली. १२ अंडी फुटली, सगळी पिल्लं साध्या रंगाची! विकणाऱ्याने फसवलं का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. रंग दोन वेगळ्या जनुकांचे आहेत, एवढंच. नराच्या अंगात काळं रंगद्रव्य बनत नाही, मादीच्या अंगात लाल. पैठणच्या एका मागावर काळा धागा संपलाय, दुसऱ्यावर लाल, असं समजा. पिल्लाला काळ्याची चालू प्रत आईकडून मिळाली, लालची बापाकडून. एक चालू प्रत पुरते, म्हणून पिल्लू साधं दिसतं. बंद प्रती दोन्ही आत आहेतच. एका जनुकाची बंद प्रत अशी लपलेली असली तर ‘हेट’, दोन जनुकांची असली तर ‘डबल हेट’ म्हणतात.

त्यांची आपसांत जोडी लावली तर सरासरी १६ पिल्लांत ९ साधी, ३ अमेल, ३ ॲनेरी आणि १ गुलाबी-पांढरं ‘स्नो’. पण हा हिशोब सरासरीचा. १२ अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता ४६ टक्के आहे. त्यापेक्षा बाहेरचा स्नो नर आणा. मग चारांत एक स्नो, आणि भावंडांची जोडीही टळते. मादी मात्र तीन वर्षांची आणि ३०० ग्रॅमची होऊ द्या. लहान मादीची अंडी पोटात अडकतात.

बाजारात ‘६६ टक्के हेट अमेल’ अशी चिठ्ठी दिसेल. अशा तीन साध्या पिल्लांत सरासरी दोघांकडे अमेलची बंद प्रत असते, तिसऱ्याकडे मुळीच नसते, आणि कोणाकडे आहे ते बघून कळत नाही. जास्तीचे पैसे मोजावेत असं त्यात काही नाही. खात्री हवी तर अमेल जोडीदार लावा. एक जरी अमेल पिल्लू निघालं तर विषय संपला. सात पिल्लं झाली आणि सातही साधी निघाली तर? तपासलेला साप हेट असूनही असं घडण्याची शक्यता १२८ त एक. फक्त मादी आधी दुसऱ्या नराला लावलेली नसावी. ती वीर्य महिनोन्‌महिने साठवते आणि सगळा हिशोब चुकतो.

प्रश्न : शेतात पांढरा नाग निघाला. पाळून पिल्लं काढता येतील?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार नाग पकडणं, पाळणं दोन्ही गुन्हा. पांढरेपणाचं कारण बहुधा वरचंच : साध्या दिसणाऱ्या आई-बाप दोघांकडे एकेक बंद प्रत. विषात काही फरक नसतो. लांबूनच नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.