सूत का तुटतं?

प्रश्न : भातकापणीनंतर आमच्या शेतात घाटावरच्या धनगरांनी मेंढरं बसवली होती. त्यांनी काळ्या लोकरीचं एक पोतं असंच देऊन टाकलं. आजीच्या कापसाच्या टकळीवर कातून पाहिली, पण सूत सारखं तुटतं. लोकर आधी धुवायची का? आमच्या आळीतल्या सहा-सात जणींनाही शिकायचं आहे.
— एक वाचक, माणगाव

उत्तर : ताई, आधी टकळी बदला. कापसाची टकळी हलकी असते, बारीक सुतासाठी केलेली. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि जाड. तिला पीळ देताना हलकी टकळी मध्येच थांबते. सुताराकडून वीतभर गुळगुळीत काठी आणि जड लाकडी चकती करून घ्या.

तरीही सूत तुटलं तर हातांकडे बघा. मला वर्षभर हेच कळत नव्हतं. लोकरीतला एक केस काढून बोटाशेजारी धरा. मेंढरं वर्षातून 2 वेळा कातरतात, त्यामुळे केस फार लांब नसतोच. दोन हातांत त्याहून कमी अंतर ठेवलं, तर केसाची दोन्ही टोकं आपणच धरून बसतो. मग तो सरकणार कसा? आपण जोर लावतो आणि सूत तुटतं. हात थोडे लांब धरा, पेळू, म्हणजे कातायला घेतलेली पिंजलेल्या लोकरीची वळी, सैल धरा, केस एकमेकांवरून सरकू द्या. पीळ पुरला का, हे बघायला सूत जरा ढिलं सोडा. आपणहून स्वतःभोवती वळलं की टकळीवर गुंडाळा.

धुण्याची घाई नको. आधी उन्हात झटका, कुसळं आणि गोखरू वेचा, मग हातांनी पिंजत राहा, अगदी धूर दिसावा इतकी मोकळी होईपर्यंत. कातायला बसण्याआधी निम्मा वेळ यातच जातो आणि जायलाच हवा. फार मळकी असेल तर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, पण चोळू नका. मी पहिली लोकर कढत पाण्यात साबण लावून चोळली होती. केसात केस अडकून तिचा घट्ट नमदा झाला, पुन्हा सुटला नाही.

तुमच्या पत्रातलं "असंच देऊन टाकलं" मला टोचलं. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून आज कितीतरी लोकर रानातच टाकून दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला धनगरांच्या बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर हीच लोकर उधळतात, आणि घरी तिला कुणी विचारत नाही. म्हणून सांगते, पोत्याचे पैसे द्या.

आणि धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा मुक्काम, अजून जवळपास असेल तर तिथल्या एखाद्या म्हातारीला दिवसभर बोलवा, तिच्या दिवसाची मजुरी द्या. तुमच्या सहा-सात जणींनी तिच्यासमोर नाही, तिच्या बाजूला बसायचं. समोर बसलं की हात उलटे दिसतात. दोघींनी पिंजायचं, बाकीच्यांनी कातायचं, मग अदलाबदल.

पहिलं सूत गाठीगाठींचं निघेल. ते टाकू नका. दोन पदरांना उलटा पीळ देऊन जाड दोरा करा, त्याचं बसकर छान होतं. पावसाआधी कळप परत घाटावर निघेल, त्याआधी ते म्हातारीला दाखवून या.